पटावरचा गड आणि खाडीवरचा गड



वसंत व्याख्यानमालेत इतिहासासाठी राखलेल्या संध्याकाळी वक्त्याने एका खेळावर बोलावे, आणि तोही संगणकाच्या पडद्यावर खेळण्याच्या खेळावर, हे आपल्यापैकी काहींना रुचणार नाही. करमणुकीची साधने निराळी आणि इतिहासाची साधने निराळी, असे आपण मानत आलो आहोत. परंतु माणसे फावल्या वेळात कशात रमतात हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. शतरंजाच्या पटावरून दरबार समजतो, सोंगट्यांवरून महाभारत घडते, तर आजच्या पटावरून आजचा माणूस का समजू नये? १९९९ साली बाजारात आलेला एक खेळ पंचवीस वर्षे उलटून गेल्यावरही जगभर आवडीने खेळला जातो. संगणकाच्या जगात पंचवीस वर्षे म्हणजे एक युगच. त्या काळातली यंत्रे मोडीत निघाली, खेळ काढणारी कंपनी बुडाली, पण खेळ राहिला. तो का राहिला, आणि त्याच्या मोहात इतिहासाच्या अभ्यासकाने शिकण्यासारखे व सावध राहण्यासारखे काय आहे, एवढेच आज सांगायचे आहे. मोजपट्टी म्हणून मी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला एक किल्ला घेतला आहे. तो म्हणजे शास्त्री नदीच्या मुखावरचा जयगड.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी प्रथम त्याचे स्वरूप सांगतो. त्याचे नाव 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक', भाग तिसरा. पराक्रम आणि जादू यांचे वीर, असा त्याचा अर्थ घ्यावा. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या 'न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंग' या कंपनीने तो तयार केला. खेळाडूच्या वाट्याला सुरुवातीला बहुधा एक नगर येते आणि एक वीर येतो. भोवतालचा सारा मुलूख काळ्या पडद्याआड असतो. वीर जसजसा पुढे सरकतो तसतसा पडदा बाजूला होतो आणि रस्ते, जंगले, खाणी, नद्या, समुद्र दिसू लागतात. संपत्ती सात प्रकारची : सोने, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक आणि रत्ने. खाण ताब्यात घेतली की तिच्यावर आपले निशाण लागते आणि तिचे उत्पन्न रोज आपल्या खजिन्यात जमा होते. एका नगरात एका दिवसात एकच इमारत उभी करता येते. आठवड्याच्या पहिल्या दिवशी नगरात नवे सैनिक भरतीला उभे राहतात. मूळ खेळात नगरांच्या आठ जाती होत्या, पुढे नववी आली. कुठे माणसांचे शूर शिलेदार आणि त्यांच्या माथ्यावर देवदूत, कुठे अरण्यातले धनुर्धर आणि हिरवे नाग, तर कुठे स्मशानातून उठलेले सांगाडे. गाठ पडली की षट्कोनी घरांच्या पटावर लढाई मांडली जाते. आणि या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपली पाळी संपल्याचे आपण सांगेपर्यंत काळ हलत नाही. विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो.

या खेळाची वंशावळ पाहिली तर तिचा मूळपुरुष आपल्याच घरातला निघतो. हत्ती, घोडा, रथ, पायदळ हे चतुरंग. भारतातून इराणात आणि तिथून युरोपात गेलेला हा डाव पुढे युरोपीय नियम घेऊन आपल्याकडे परतला. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ १८१४ साली मुंबईत इंग्रजीत छापला गेला, म्हणजे पेशवाई अजून उभी होती तेव्हा. बुद्धिबळात दोन्ही बाजू सारख्या, आणि पट दोघांनाही पूर्ण दिसतो. त्यात खजिना नाही, जमीन नाही आणि अज्ञातही नाही. प्रशियाच्या सैन्यात फोन राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली आपला युद्धखेळ मांडला, तेव्हा पटाच्या जागी खरा नकाशा आला आणि शत्रू न दिसण्याची सोय झाली. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने दिले आणि युद्धखेळ छावणीतून दिवाणखान्यात आला. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. त्याने सोंगटीला नाव दिले, स्वभाव दिला आणि अनुभवाने वाढण्याची शक्ती दिली. हे सारे धागे एकत्र विणून जॉन व्हॅन केनेगम याने १९९० साली 'किंग्ज बाउंटी' रचला. त्यातूनच १९९५, १९९६ आणि १९९९ या साली आपल्या खेळाचे तीन भाग झाले. म्हणजे पट भारताचा, नकाशा प्रशियाचा, दिवाणखाना इंग्लंडचा आणि वीर अमेरिकेचा, असा हा संसार जमला आहे.

पण वंशावळीने मोह उलगडत नाही. माझ्या मते मराठी माणसाला या खेळाचे मर्म समजावून देण्यास पुस्तकांची गरजच नाही, दिवाळीतला किल्ला पुरे आहे. अंगणात मुले दगडविटा रचतात, त्यावर गोणपाट घालून माती लिंपतात, अळीव किंवा मोहरी पेरून जंगल उगवतात आणि मग मातीचे मावळे मांडतात. त्या किल्ल्यावर पहारेकरी बुरुजाएवढा असतो, वाघ दरवाज्याहून मोठा असतो आणि शिवाजीमहाराजांचे सिंहासन अर्धा गड व्यापून राहते. प्रमाण चुकले, असे कोणी म्हणत नाही. जे महत्त्वाचे ते मोठे, हेच तिथले प्रमाण. या खेळाच्या नकाशावरही घोड्यावरचा वीर खाणीएवढा उंच दिसतो आणि दोन राज्यांमधले अंतर चार दिवसांत तोडले जाते. मुलुखातून नेमके निर्णयापुरते तेवढे निवडून घ्यायचे आणि बाकीचे गाळायचे, हे दोन्हीकडे घडते. या खेळाबरोबर नवे नकाशे रचण्याचे साधनही दिलेले होते. त्यामुळे खेळणारा जसा राज्य करू शकत होता, तसा राज्ये निर्माणही करू शकत होता. अंगणात किल्ला रचून झाल्यावर त्याच्याकडे टक लावून बसणाऱ्या मुलाला जो आनंद होतो, तोच हा आनंद.

आता जयगडाकडे वळू. सह्याद्रीतून निघालेली शास्त्री संगमेश्वरावरून वाहत येते आणि समुद्राला मिळते. त्या मुखाच्या दक्षिणेच्या टेकाडावर जयगड उभा आहे. पलीकडच्या तीरावर तवसाळ, आणि तिथे विजयगडाचे अवशेष. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि जमिनीच्या अंगाला खोदलेला खंदक. खाली पाण्याच्या काठाशी पडकोट आणि वर बालेकिल्ला. नकाशा समोर ठेवला तर कोणताही खेळाडू पहिली तटबंदी इथेच घालील. इथे बसले की खाडीत शिरणारे व निघणारे प्रत्येक तारू नजरेखालून जाते. जकात बसवायला आणि शत्रू अडवायला याहून सोयीची जागा कोणती?

इतिहासही तेच सांगतो. किल्ला विजापूरकरांच्या अमदानीतला. पुढे तो संगमेश्वरच्या नाइकाच्या हाती गेला. सात-आठ गावे आणि सहाशेच्या आसपास माणसे, एवढ्या बळावर हा नाईक इतका डोईजड झाला की १५८३ आणि १५८५ अशा दोन वर्षी विजापूरकर व पोर्तुगीज या एरवीच्या वैऱ्यांना मिळून त्याच्यावर मोहिमा काढाव्या लागल्या. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्र्यांना शाहूमहाराजांच्या पक्षात आणले. त्या तहात कान्होजींकडे जे दहा किल्ले राहिले त्यांत कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांच्या जोडीला जयगडही होता. तुळाजी आंग्र्यांचा १७५५-५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी मिळून पाडाव केला आणि हा किनारा पेशव्यांकडे आला. अखेर जून १८१८ मध्ये जयगड लढाईवाचून इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

हे दोन गड शेजारी ठेवले म्हणजे पटावरच्या गडाची गोडी कशात आहे ते स्पष्ट होते. मला त्यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट दिसण्याची. पटावर एकदा उजळलेला मुलूख सामान्यतः पुन्हा अंधारात जात नाही. वीर तिथून निघून गेला तरी नकाशा कायम राहतो. जयगडच्या किल्लेदाराला हे भाग्य कुठून असणार? त्याला मुखाबाहेरची शिडे दिसत, पण घाटापलीकडे काय शिजले आहे हे कळायला जासूद धडकावा लागे, आणि जासूद येईपर्यंत ती बातमी शिळी झालेली असे. आपली ऐतिहासिक पत्रे वाचताना बातमीसाठी चाललेली ही तगमग पानोपानी जाणवते. तीच तगमग हा खेळ शांत करतो. जाणून घेतलेले हातचे जात नाही, हे आश्वासन जगात कोणालाच मिळत नाही, पटावर मिळते.

दुसरी गोष्ट काळाची. आठवड्याचा पहिला दिवस उजाडला की सैनिक हजर. ज्योतिषी येऊन हा आठवडा अमक्या प्राण्याचा असे जाहीर करतात आणि एखादा महिना रोगराईचाही निघतो, पण आठवड्याचे चक्र काही चुकत नाही. आपल्या किनाऱ्याचे पंचांग निराळे. मृग बरसला की गलबते ओढून शाकारून ठेवायची ती नारळी पौर्णिमेपर्यंत. घाटावरचे शिपाई पेरणीला घरी जायचे ते दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी परतायचे. जयगड पडला तो जूनमध्ये हे ध्यानात घ्या. तोवर पुणे इंग्रजांनी घेतले होते, बाजीराव शरण आला होता आणि समुद्र खवळण्याचे दिवस उगवले होते. अशा वेळी एकट्या किल्लेदाराला कोणता डाव सुचणार? पटावर पावसाळा नाही. तिथे समुद्र बारा महिने खुला. हजार मोहरा आणि दहा लाकडे दिली की गलबत तयार, आणि दीपस्तंभावर आपले निशाण असले की गलबताची चाल अधिक लांब पडते. जयगडलाही दीपस्तंभ आहे. पण त्याचा उजेड सर्वांच्या बोटींना सारखाच मिळतो, कोणा एका पक्षाच्या बोटी त्याने वेगाने जात नाहीत.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि इतिहासाच्या दृष्टीने मला तीच सर्वांत बोलकी वाटते. या खेळात शिपायाची किंमत एकदाच मोजायची. त्यानंतर तो पगार मागत नाही, शिधा मागत नाही, थकबाकीसाठी धरणे धरीत नाही. मराठेशाहीचे कागद ज्यांनी चाळले असतील त्यांना याचे हसू येईल. कर्ज, सावकार, रोजमुरा आणि तुंबलेला पगार या चार शब्दांशिवाय अठराव्या शतकातली मोहीम पुरी होत नाही. बाजीराव पहिल्यासारखा सेनानीही रणांगणात हरला नाही, पण सावकारांपुढे हैराण होता. पटावरच्या राजाला उत्पन्न आहे, खर्चाची निवड आहे, परंतु देणे नाही. राज्य करण्यातला निवडीचा आनंद ठेवला आणि देण्याचा जाच काढून टाकला, हीच या खेळाची किमया.

यावर कोणी म्हणेल, मग त्यात देवदूत आणि सांगाडे कशाला? साधा इतिहासच पटावर का मांडला नाही? मला वाटते, कल्पनेने इथे एक मोठे काम केले आहे. खऱ्या इतिहासाचा पट मांडला की आपण तटस्थ राहत नाही. पानिपत मांडले तर हरणारी बाजू कोणी घ्यायची? कल्पित मुलखात कोणाच्या पूर्वजाचा अपमान होत नाही, म्हणून तिथे प्रत्येक पक्ष आलटून पालटून खेळून पाहता येतो. या खेळाच्या कथेतली राणी कॅथरीन बापाच्या अंत्यविधीला माहेरी येते आणि मुलूख शत्रूंनी व्यापलेला पाहते. पुढे तिला कळते की ज्यांनी बापाला मारले त्यांनीच त्याला पिशाचरूपाने पुन्हा उठवले आहे. पण हीच कथा खेळाडूला काही काळ तिच्या शत्रूंच्या बाजूनेही खेळायला लावते. शत्रूच्या जागी बसून त्याचा हिशेब मांडायचा, ही इतिहासाच्या अभ्यासकाची पहिली तालीम आहे, आणि आपल्यातले पुष्कळ जण ती शेवटपर्यंत करीत नाहीत.

याचे एक उदाहरण आपल्या किनाऱ्याला फार लागू पडते. खेळ काढणारी कंपनी ज्या 'थ्री डी ओ' या संस्थेच्या मालकीची होती तिचे २००३ साली दिवाळे निघाले आणि खेळाचे नाव 'युबीसॉफ्ट' या फ्रेंच कंपनीने विकत घेतले. तिने २०१५ मध्ये नवी सुबक आवृत्ती काढली, पण पुढे जोडलेले भाग तीत नव्हते, कारण त्यांची मूळ संहिता हरवली होती. अवघ्या पंधरा वर्षांत दप्तर गहाळ! दरम्यान या खेळाच्या चाहत्यांनी, त्यांत रशियन भाषकांचा पुढाकार होता, विनामोबदला खपून २०११ च्या अखेरीस स्वतःचीच एक भर तयार केली. त्यांनी घातलेले नवे नगर कोणाचे होते? समुद्रावरच्या चाच्यांचे. ते नगर आणि देवदूतांचे नगर पटावर समान पायरीवर बसतात. दोघांना तोच खजिना, तेच नियम. आता आठवा, की संगमेश्वरच्या नाइकाला आणि कान्होजींना इंग्रजी कागदांनी कोणत्या नावाने हाक मारली. कान्होजी छत्रपतींचे सरखेल होते, दस्तक देत होते, जकात घेत होते. पोर्तुगीजही दस्तके देत होते आणि ती न घेणारी जहाजे पकडत होते. त्यांचे ते राज्य आणि यांची ती चाचेगिरी, हा फरक पाण्यावर दिसत नाही, तो लिहिणाऱ्याच्या दौतीतून येतो. कल्पित पटाने तो सहज पुसून टाकला. आणि दप्तरे वाचतात ती धन्याकडून नव्हे, वेड्या चाहत्यांकडून, हा धडा राजवाड्यांच्या महाराष्ट्राला नवा नाही. घरोघर हिंडून त्यांनी रुमाल गोळा केले नसते, तर आज आपण कशावर बोलत असतो?

इथवर मी खेळाची बाजू मांडली आणि ती मनापासून मांडली. आता सावधगिरीचा मुद्दा. या खेळात तटबंदी बांधायला पाच हजार सोने, वीस लाकूड आणि वीस खनिज लागते. इतके दिले की दुसऱ्या क्षणी कोट उभा राहतो. जयगडची गोष्ट अशी सांगत नाहीत. तिथे सांगतात की तट उभारावा आणि तो ढासळावा, असे पुन्हा पुन्हा झाले. नरबळी दिल्याशिवाय काम टिकणार नाही असे ठरले आणि जयबा नावाचा एक तरुण आपण होऊन पुढे आला. त्याच्यावरून गडाचे नाव जयगड. किल्ल्यात त्याचे स्मारक दाखवतात. ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून मी ती पुढे करीत नाही. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाखाली नाथनाक आणि देवकाई यांना पुरल्याची कथाही याच जातीची. नावातला 'नाक' हा शब्दच सांगतो की बळी कोणत्या वस्तीतून मागितला जात असे. आणि 'आपण होऊन' हे शब्द अशा कथांत नेहमी कोण घालतो, याचाही विचार करावा.

दंतकथा खोटी असेल, पण तिने जपलेली एक नोंद खरी आहे. गड बांधायला माणूस लागतो आणि तो माणूस जमाखर्चात सापडत नाही. दगड कोणी वाहिले, चुना कोणी मळला, खंदक खणताना किती जण कामी आले, यांच्या याद्या आपल्याकडे नाहीत. मागे उरले ते एक नाव, जयबा, आणि तेही कथेच्या आधाराने. संगणकाच्या पटावर राजा होता येते, वीर होता येते, चाचाही होता येते. जयबा मात्र कोणालाच होता येत नाही, कारण त्याच्यासाठी तिथे सोंगटीच कोरलेली नाही. आणि हा दोष खेळाला तरी एकट्याला कसा लावावा? बखरकारांनीही गड 'घेतला', गड 'बांधला' अशीच वाक्ये लिहिली, आणि आमच्या शाळेतल्या पुस्तकांनी तीच गिरवली. पटाची सवय आम्हा इतिहास लिहिणाऱ्यांना संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून जडलेली आहे. वरून पाहिले की मुलूख दिसतो, वाटा दिसतात, चाली दिसतात. मान खाली घातल्यावर दिसतो तो माणूस तेवढा निसटतो.

म्हणून घरातल्या तरुणांनी असले खेळ खेळू नयेत, असे सांगायला मी इथे आलेलो नाही. रात्र रात्र जागण्याबद्दल आईबापांनी काय बोलायचे ते बोलावे. परंतु ज्या मुलाने हा पट शंभर वेळा मांडला आहे, त्याला लाकूड कुठून येते, पाणी कुठे आहे, मदत किती दिवसांच्या वाटेवर आहे, हे प्रश्न आपोआप सुचतात. परीक्षेपुरत्या सनावळ्या पाठ करणाऱ्याला ते सुचत नाहीत. ही निम्मी तयारी झाली. अशा मुलाला जयगडावर न्यावे. दरवाज्यातून शिरून त्याला तटावरून फिरवावे. खाडीचे मुख, पलीकडचे तवसाळ आणि खालचा पडकोट त्याला पाहू द्यावा. किल्ला इथेच का, हे तो आपल्याला समजावून सांगील, आणि आपल्यापेक्षा चांगले सांगील. मग त्याला खंदकाच्या काठाशी उभे करावे आणि विचारावे की हा खणला कोणी. त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पटावर नाही, आणि खरे सांगायचे तर अजून आमच्या ग्रंथांतही पुरतेपणी आलेले नाही. ते शोधण्याचे काम त्याच्या पिढीकडे सोपवून मी आपली रजा घेतो.